टाचेवरच्या गाठी

आमच्या घरातले पुरुष लवकर जात. अब्बा बेचाळिसाव्या वर्षी गेले, त्यांचे धाकटे भाऊ, आमचे चाचा, अडतिसाव्या. जव्हारच्या आमच्या मोहल्ल्यात लोक म्हणत, या शिंप्यांच्या घराला कुणाची तरी नजर लागलीय. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

माझा थोरला भाऊ नूरमोहम्मद चाळिशीला आला होता. काटकुळा माणूस. बाजाराच्या दिवशी मशीन घेऊन मोखाड्याला जायचा आणि दिवसभर बंड्या, लुगड्यांच्या कडा शिवायचा. १९७७ च्या उन्हाळ्यात तिथंच त्याच्या छातीत कळ आली. शेजारी सुकी मासळी विकणाऱ्या सकूनं त्याला पाणी पाजलं, चार माणसांना हाका मारून जीपमध्ये घातलं. म्हणून तो जिवंत जव्हारला पोचला.

डॉक्टर नवीन होते. छाती तपासून झाल्यावर त्यांनी भाईच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. पापण्यांवर पिवळे चट्टे होते. मग ते पायांशी गेले आणि टाचेमागची शीर बोटांनी दाबू लागले. ती जाड होती, गाठी गाठी लागत होत्या.

"हे कधीपासून?"

"लहानपणापासून थोडं थोडं," भाई म्हणाला. "अब्बांनाही होतं."

"वडील कशानं गेले?"

भाईनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. चाचांचंही सांगितलं.

आम्हा दोघांचं रक्त मुंबईला गेलं. बारा दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. कोलेस्टेरॉल हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दोनशेच्या आत असावं, ते म्हणाले. माझं एकशे ऐंशी होतं. भाईचं चारशे दहा.

भाई हसला. "डॉक्टरसाब, आम्ही नागलीची भाकरी खातो. मटण ईदला. चरबी आली कुठून?"

"खाण्यातून थोडी येते. बाकीची तुमचं शरीरच बनवतं," डॉक्टर म्हणाले. "मेणासारखा पदार्थ आहे, सगळ्यांच्या रक्तात असतो, लागतोच. जास्तीचा झाला की शरीर तो उचलून टाकतं. तुमच्या शरीराला ते जमत नाही. मग तो हृदयाच्या नळ्यांत साचतो. तुमच्या वडिलांकडून आलंय हे. प्रत्येक मुलाला लागायची शक्यता निम्मी."

"औषध?"

"मुंबईत एक पावडर मिळते. थोडं उतरेल. बिडी सोडा, तेलतूप आवरा."

त्यानं त्याच दिवशी बिडी सोडली. अंडी, तळलेलं, सगळं बंद केलं. त्या वाळूसारख्या पावडरीनं पोट फुगायचं, तरी पाण्यात कालवून न चुकता प्यायचा. एकाच गोष्टीला तो तयार नव्हता.

"पोरांचं रक्त काढायचं नाही," त्यानं मला बजावलं. "कळून काय करणार ती? रोज मरणार?"

आठ महिन्यांनी, दुपारी जेवून उठताना, तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. त्याला खांदा देताना मला लाज वाटत होती. एकाच बापाची दोन मुलं, आणि मी धडधाकट चालत होतो.

भाईचा चाळिसाव्या दिवसाचा फातेहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरबानो भाभी दोन्ही मुलांना घेऊन माझ्या दारात उभी. सोळा वर्षांची झरीना आणि अकरा वर्षांचा मंसूर.

"हारुनभाई, चला. रक्त काढायचंय."

"भाभी, भाईंनी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. ते गेले." तिचा आवाज चढला नाही. "अंधारात ठेवून मी अजून किती जणांना माती देऊ?"

मंसूर सुटला. झरीनाचं तीनशे सत्तर आलं.

डॉक्टर समजावत होते. बायकांना त्रास बहुधा उशिरा होतो, जपलं तर बरीच वर्षं मिळतात, नवी औषधं येतील. झरीना ऐकत होती की नाही, कळेना. तिनं सलवार जराशी वर केली आणि आपली टाच चाचपली. भाभीनं तोंड फिरवलं.

"चाचू," झरीना एकदम मला म्हणाली, "अब्बांचे ते चाचा अडतिसाव्या वर्षी गेले ना? त्यांचा मुलगा खोडाळ्याला असतो. त्याला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही दोघं एसटीनं खोडाळ्याला गेलो. माझा तो चुलतभाऊ तेहतीस वर्षांचा, किराणा दुकानात उभा. मी सांगायला लागलो तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

"एक मय्यत पुरून दुसरी सांगायला आलास?" तो ओरडला. "निघ इथून!"

झरीना जागची हलली नाही. "चाचाजान, तुमच्या पापण्यांवर पण ते पिवळं आहे. माझ्या अब्बांच्या होतं तसंच."

त्यानं दुकानाची फळी आपटून बंद केली.

आम्ही एसटीच्या वाटेला लागलो. मागून चपलांचा आवाज आला. त्याची बायको जुबेदा धावत येत होती, कडेवर तान्हं पोर.

"त्या डॉक्टरचं नाव काय?" ती धापा टाकत म्हणाली. "मला वाचता येत नाही. दोनदा सांगा, मी पाठ करते."

झरीनानं तीनदा सांगितलं.