कार्तिकातलं बेरियम

“पेशंटले काय पाजून राहिले ते आधी सांगत जा बाई, मंग पाजा.” आधी एक्स-रे काढणारे मारोतराव निवृत्त होताना एवढंच सांगून गेले. भंडाऱ्याच्या त्या धर्मादाय दवाखान्याचा एक्स-रे विभाग तेव्हापासून सुलोचनाबाईंकडे आला. यंत्र तापलं की थांबवायचं, अंधाऱ्या खोलीतलं औषध बदलायचं, फिल्मा वाया जाऊ द्यायच्या नाहीत, बाहेरच्या बाकावरची भांडणं मिटवायची. सगळं त्या आवाज न चढवता करीत.

अठ्ठ्याहत्तर सालचा कार्तिक होता. तपासणीचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच येत. आल्याआल्या तांबडा चष्मा लावून ते व्हरांड्यात बसले. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय एक्स-रेच्या पडद्यावरची फिकट सावली दिसत नसे. पोटाच्या तपासणीला उपाशी यायला सांगितलेल्या दोघांना सुलोचनाबाईंनी परत पाठवलं होतं. एक चहा पिऊन आला होता, आणि दुसऱ्याचं म्हणणं, पोहे म्हणजे काही जेवण नव्हे. उरली पवनीची रुखमाबाई. तिच्या घशाखाली घास उतरेनासा झाला होता. तिनं मात्र पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. सुलोचनाबाईंना बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. एक्स-रेत अन्नाची वाट दिसावी म्हणून पाजायचं बेरियमचं पांढरं, दाट पाणी मदतनीस इश्वरनं पुढे केलं, तशी रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला. पोरीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. ती सुखरूप सुटावी म्हणून रुखमाबाईनं कार्तिकभराचं व्रत धरलं होतं: संध्याकाळी वैनगंगेत दिवा सोडल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आज मोडलं आणि पोरीला काही झालं तर?

“घरी भाकर गिळत नाही, अन् इथं हट्ट बरा करते,” तिचा नवरा तेजराम भिंतीकडे पाहत म्हणाला.

इश्वर हसला. “हे काय खाणं हाये काय, काकू? खडूचं पाणी हाये. यानं उपास मोडत नसते.”

रुखमाबाईनं पदर जरा खाली केला. “खरंच काय जी, बाई?”

हो म्हटलं असतं तर काम तिथंच झालं असतं. डॉक्टरांनीही व्हरांड्यातून दोनदा विचारलं होतं. पण सुलोचनाबाईंचे स्वतःचेही नेम होते.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पोटात गेलं म्हणजे गेलं. उपास मोडते.”

इश्वरनं कपाळाला हात लावला. सुलोचनाबाई जवळ येऊन बसल्या. सकाळची पूजा करून त्या तशाच निघाल्या होत्या; त्यांच्याही पोटात काही नव्हतं. विभागाचं काम आटोपल्याशिवाय त्या जेवत नसत.

“आजचा उपास मले द्या,” त्या म्हणाल्या. “माह्या आईनं आजारपणात मले असाच दिला होता.”

रुखमाबाईनं त्यांना नीट न्याहाळलं. “मंग दिवाबी तुमालेच सोडा लागन. तोवर पाणीबी नाही.”

“नाही घेत.”

“पोरीचं नाव वच्छला. नाव घेऊन सोडजा.”

फिल्मा धुवायच्या नळाखाली रुखमाबाईनं ओंजळ धरली आणि ते पाणी सुलोचनाबाईंच्या तळहातावर सोडलं. मग पेला उचलला.

अंधारात पांढरी रेघ तिच्या छातीतून खाली सरकली, एका जागी अडली, आणि पुढे सुतासारखी बारीक होऊन गेली. बाहेर येऊन डॉक्टरांनी तेजरामला सांगितलं की अन्ननलिका आवळली आहे, थांबून चालणार नाही, माझ्याच गाडीतून आज नागपूरला चला. तेजरामनं मान हलवली. बायकोची पिशवी त्यानं स्वतः उचलली. गाडीत बसताना रुखमाबाईनं घशाबद्दल काही विचारलं नाही. ऊन कुठवर उतरलं तेवढं पाहिलं, आणि सुलोचनाबाईंकडे.

चार वाजता इश्वरनं सवयीनं चहा आणला. त्यांनी तो त्यालाच प्यायला लावला. फिल्मा वाळत टाकल्या, यंत्राचा खटका बंद केला, कुलूप लावलं. दवाखान्याच्या रसोड्यातून कणकेचा गोळा मागून घेतला, त्याचा दिवा वळला, तेलाची वात पानात गुंडाळली. घसा कोरडा पडला होता. दिवा पदराखाली धरून, कोणाला काही न सांगता, त्या वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलाच्या वाटेला लागल्या.