डस्टर खाली ठेवल्यावर

बातमी आली तेव्हा चौथा तास संपत आला होता. हेडसरांनी फोन ठेवला आणि शिपायाकडे पाहिलं. "बाई गेल्या. दवाखान्यातच." मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "आधी घंटा दे. मग बस."

त्यानं घंटा दिली. आपली बायको गेली, हे त्याला शेवटच्या टोल्याला कळलं.

ती याच शाळेत शिकवायची, म्हणून शाळेत तो तिला बाईच म्हणायचा. "शाळेत तुमची घंटा, घरात माझी," असं ती चिडवायची. नऊ पोरांचं नाटक ती बसवत होती. नाटकातल्या वर्गात नियम एकच: डस्टर ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. आणि मास्तर डस्टर सोडतच नाही. तहानेनं जीव गेला तरी पोरांनी ब्र काढायचा नाही. शेवटी मास्तर डस्टर टेबलावर विसरतो, आणि सगळ्यात लहान पिटुकली ते उचलते. ती काय बोलते, ते बाईंनी लिहिलंच नव्हतं. "सुचलं की सांगते," म्हणाल्या होत्या.

पडद्यामागून शब्द पुरवायचं काम त्याचं. लिहिणं-वाचणं जेमतेम, पण नाटक कानानं पाठ.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी हेडसरांनी त्याच्या हातात चिठ्ठी दिली. "शेवटचं वाक्य. 'आम्हाला शिस्त लावली, आभारी आहोत.' पाहुणे येणार आहेत."

"सर, बाईंच्या मनात हे नव्हतं."

"मग काय होतं? सांग."

त्यानं चिठ्ठी मुठीत घेतली.

"मग उगाच शहाणपणा कशाला?"

प्रयोगात पिटुकलीनं डस्टर उचललं आणि पडद्याकडे वळली. "काका, काय म्हणू?"

चिठ्ठी मुठीत भिजली होती. त्यानं मूठ उघडली नाही.

"अरे, सांग ना तिला!" पहिल्या रांगेतून हेडसर ओरडले. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. हशा पिकला. पोरगी डस्टर छातीशी धरून रडायला लागली. बाकीची आठ पोरं जागची हलली नाहीत. त्यांच्या हातात डस्टर कुठं होतं? शेवटी त्यानंच पडदा ओढला.

दुसऱ्या दिवसापासून घंटा दुसऱ्याकडे गेली.

त्या संध्याकाळी पिटुकली त्याच्या दारात आली. "काका, माझं चुकलं?"

"नाही गं. माझं चुकलं. तुला एकटीला उभं केलं."

"मग काय म्हणायचं होतं?"

त्यानं बाईंची वही काढली. शेवटच्या पानावर 'पिटुकली' असं लिहिलेलं आहे. पुढची ओळ कोरी आहे. ते वाक्य लिहायचं राहिलं आहे.