सहा एक्केचाळीस

द्वारका चौकाच्या अलीकडे, टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर मंजुषाचा प्रोग्रॅमिंगचा क्लास होता. खाली ट्रकचे हॉर्न अखंड चालू असत, म्हणून ती बोलायची कमी आणि फळ्यावर लिहायची जास्त. नव्या बॅचला तिसऱ्या दिवशी ‘जर-तर’ शिकवायचं, हा तिचा शिरस्ता. त्यासाठी गेलं वर्षभर एक ठरलेलं उदाहरण होतं. आई जाऊन आता दीड महिना झाला होता. उदाहरण बदलायला हवं, हे तिला जिना चढताना आठवलं. पण वर पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही, आणि हातानं सवयीनं तेच लिहिलं:

जर सहा ते सातच्या दरम्यान आईचा मिस्ड कॉल आला
तर: आई बरी आहे
नाहीतर: मला आणि शेजारणीला मेसेज पाठव

“या पहिल्या ओळीला अट म्हणायचं,” ती म्हणाली. “अट खरी असते किंवा खोटी असते. मधलं काही नाही. ‘कालच्यापेक्षा जरा बरी’ हे कॉम्प्युटरला कळत नाही.”

“मॅडम,” मागच्या बाकावरून सनी म्हणाला, “आमच्या मम्मीचा मिस्ड कॉल म्हणजे येताना दूध आण. दोन आले तर दूध आणि ब्रेड.”

“आणि तीन आले तर पप्पा घरी आलेत, गाडी जागेवर आणून लाव,” रोहिणीनं टोला हाणला. ती त्याच्याच सोसायटीत राहायची. वर्ग हसला. मंजुषाही थोडी हसली आणि म्हणाली, “चांगलं आहे. मग तीन अटी झाल्या, लिहा वहीत.”

पहिल्या बाकावरच्या वैष्णवीनं लिहायला घेतलं नव्हतं. ती फळ्याकडे बघत होती.

“मॅडम, पण हे चूक आहे ना?”

“काय चूक आहे?”

“आई बरी आहे हे आपण तपासलंच नाही. कॉल आला, एवढंच तपासलं. समजा तो दुसऱ्याच कुणी दिला. तरी अट खरीच येणार.”

“हो का!” सनी म्हणाला. “म्हणजे चोर आईचा फोन पळवणार आणि सकाळी उठून मॅडमना तब्येत कळवणार!”

या वेळी सगळा वर्ग मोठ्यानं हसला. मंजुषा हसली नाही. हातातल्या पेनाचं टोपण तिनं लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“बरोबर आहे तुझं,” ती वैष्णवीला म्हणाली. मग फळा पुसून तिनं परीक्षेचं उदाहरण घातलं: गुण पस्तीस किंवा जास्त, आणि हजेरी पंचाहत्तर टक्के, तर पास. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ लिहिलं तर काय घोळ होईल ते शोधायला सांगितलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तिची आई, सिंधुबाई, निफाडच्या पुढे एका गावात एकटी राहायची. तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेली बाई. नाशिकला चल म्हटलं की म्हणायची, “तुझ्या फ्लॅटात मी काय करू, लिफ्ट मोजू?” मागच्या वर्षी ती मोरीत घसरून पडली आणि तासभर तशीच पडून राहिली. तेव्हा मंजुषानं आपल्या जुन्या फोनवर हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आईनं रोज सकाळी उठल्यावर एक रिंग द्यायची, बस. उचलायचं नाही, बोलायचं नाही. “या वयात मला हजेरी लावायला लावतेस,” आई म्हणाली होती, पण तिला ते आवडलं होतं. सुरुवातीला मंजुषा उलटा फोन करायची. काय केलंस, काय खाल्लंस, एवढंच. मग कामं वाढली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘खरे’ असं उमटलं की ती चहाला लागायची. रोजचा फोन रविवारवर गेला, आणि रविवारचाही पुढे नेम राहिला नाही.

आई गेली त्या दिवशीही ‘खरे’ उमटलं होतं. वेळ सहा एक्केचाळीस. दुपारी बाराला गावाहून शेजारच्या धोंडाबाईचा फोन आला की ये.

गावातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पहाटे तीन-चारच्या सुमारास गेल्या असाव्यात, झोपेतच, त्रास नाही झाला. मंजुषानं मान हलवली होती. पण डॉक्टरांचं खरं धरलं तर सहा एक्केचाळीसला रिंग कुणी दिली? आणि रिंग खरी धरली तर डॉक्टरांचं खोटं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, हे तिच्या पहिल्या आठवड्याच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. तिनं रिंग खरी धरली. मुलींची समजूत घालायला डॉक्टर असं काहीतरी सांगतातच, आणि तिचा प्रोग्रॅम कुणाची समजूत घालत नव्हता. म्हणजे सहा एक्केचाळीसला आई उठली होती. तिनं फोन हातात घेतला होता. त्यानंतर कधीतरी तिला काहीतरी झालं, तिनं हाक मारली असेल, आणि मंजुषा तेव्हा हिरवं अक्षर बघून निर्धास्त मनानं आलं किसत होती.

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आता एका पोरीनं फळ्यावरच्या तीन ओळींत तिसरीच शक्यता दाखवली होती.

शनिवारी तिनं क्लासला सुटी दिली आणि लासलगावची बस पकडली. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रखडत बस दुपारी फाट्यावर पोचली. आईच्या घराला कुलूप होतं. तिनं ते उघडलं नाही, तशीच पलीकडच्या ओट्यावर गेली. धोंडाबाई पोत्यावर बसून कांदे निवडत होती. कोंब आलेले एका बाजूला, चांगले टोपलीत.

“आली का मंजू? बस. वाळली किती! जेवती का नाय?”

“जेवते, मावशी.”

“काय जेवत आसशील ते दिसतंय.” धोंडाबाईनं सुनेला पाणी आणायला हाक मारली. पाणी आलं. सून आत गेली. मंजुषा एक कांदा हातात घेऊन त्याची सालं काढत राहिली.

“मावशी, एक विचारू?”

“इचार की.”

“त्या दिवशी सकाळी आईच्या फोनवरून मला रिंग आली होती. सहा एक्केचाळीसला.”

धोंडाबाईचे हात थांबले. तिनं पदराला हात पुसले. कोरडेच होते ते.

“मीच दिली ती,” ती म्हणाली.

मंजुषा तिच्याकडे वळून बसली.

“मागं तुझी आई पहाटंच्या जीपनं सटाण्याला लग्नाला गेली अन् फोन घरीच इसरली, याद हाय ना? तुझा मेसेज आला. मला काय वाचता येतं? सुनेनं वाचला अन् बोंबलली, सिंधुकाकूला कायतरी झालं! अर्धं गाव दारात. बाहेरनं कुलूप, तरी गल्लीतल्या भिकननं ते तोडलं. तू नाशकाहून गाडी करून आली.”

“आठवतंय.”

“सांजच्याला ही उतरली जीपमधून, नवं लुगडं नेसून, हातात लाडवाची पिशवी. भिकन म्हनतो कसा, ‘सिंधूताई, तुमच्या मयताला आलोय सारे, लाडू तरी वाटा!’” धोंडाबाईला हसू आलं आणि तसंच विरलं. “तवापासून लाजली ती. मला म्हनली, धोंडे, मला उठायला उशीर झाला तर तू देत जा रिंग. फोन खिडकीतच ठेवते. हिरवं बटन दोनदा दाबायचं. पोरगी हातातलं काम टाकून पळत येती उगाच.”

“मला कधी बोलली नाही.”

“तुला सांगायचं नाय, आसंच ठरलं व्हतं. थंडीत गुडघे धरायचे तिचे, लवकर उठवायचं नाय.” धोंडाबाई खाली बघून बोलत होती. “त्या दिशी मी खिडकीतून हाक मारली. ओ नाय दिला. मला वाटलं, रातभर जागी आसंल, झोपू दे. पडदा लावलेला. बटन दाबलं अन् मळ्यात गेले. दुपारी येऊन बघते तर…” तिनं श्वास घेतला. “दीड महिना झाला, मंजू. घास उतरत नाय. तवाच आत डोकावले आसते तर—”



“मावशी,” मंजुषा म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, ती पहाटे तीन-चारलाच गेली. झोपेत. तुम्ही बटन दाबलंत तेव्हा ती नव्हतीच.”

धोंडाबाईनं वर पाहिलं. “तुला म्हनले आसं?”

“मलाच म्हणाले. बाजूला घेऊन.”

“अन् तू मला सांगितलं नाय?”

“तुम्ही तरी रिंगचं कुठे सांगितलंत?”

 मग धोंडाबाई तोंडाला पदर लावून रडली, आवाज न करता, खांदे हलवत. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती. मंजुषानं तिच्या पाठीवर हात ठेवला. आईनं हाक मारली नव्हती. आई उठलीच नव्हती. हे आपण आता नक्की म्हणू शकतो, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं आणि आतून काही सैल होतंय का याची वाट पाहिली. थोडं झालं.

“किती वेळा दिलीत तुम्ही अशी रिंग?” तिनं विचारलं.

“कोन मोजतंय? थंडीत आठवड्यातून दोनदा-तीनदा. कधी ती आतूनच वरडायची, धोंडे, दाबलं का गं?” धोंडाबाईनं डोळे पुसले आणि टोपली पुढे ओढली. आता तिचा हात पुन्हा भराभर चालायला लागला होता, बऱ्याच दिवसांनी चालावा तसा.

मंजुषाच्या जुन्या फोनमध्ये वर्षभराची यादी होती. खरे, खरे, खरे. त्यातलं कुठलं आईचं आणि कुठलं शेजारणीचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. गुडघे धरलेल्या सकाळी आणि बऱ्या सकाळी यादीत सारख्याच हिरव्या होत्या.

“बाकीच्या दिवशी तीच द्यायची ना?”

“तीच. उठली की पैल्यांदा तेच. रिंग द्यायची अन् फोन हातात धरून त्या तिच्या ओट्यावर येऊन बसायची.”

“हातात कशाला?”

“तू उलटा करशील म्हनून. आधी करायची ना तू.” धोंडाबाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कोंब आलेला एक कांदा तिनं बाजूला टाकला. “मग म्हनायची, कामात आसंल पोरगी. अन् उठायची झाडलोटीला.”

“रोज?”

“रोजच की.”

मंजुषानं हातातला कांदा टोपलीत ठेवला. बरीच सालं तिच्या मांडीवर जमली होती, ती तिनं एकेक करून उचलली.

“किती वेळ बसायची, मावशी?”

धोंडाबाईनं विचार केला. तिला घड्याळाची सवय नव्हती.

“मी म्हशीची धार काढून येस्तोवर,” ती म्हणाली.

चारची बस फाट्यावरून गेली, तिचा हॉर्न ऐकू आला. सुनेनं चहा आणला, दोघींनी तो घेतला. उन्हं उतरली तशी धोंडाबाई कंबरेवर हात ठेवून उठली, बादली घेऊन गोठ्यात गेली. गोठा घरामागं होता, ओट्यावरून दिसत नव्हता. मंजुषा तिथून उठून पलीकडे गेली आणि आईच्या ओट्यावर, बंद दाराला पाठ लावून बसली. बादलीच्या तळाशी पहिल्या धारांचा आवाज आला. मग बादली भरू लागली तसा तो ऐकू येईनासा झाला. ती काही न करता बसून राहिली, धोंडाबाई परत येईपर्यंत.