सुंदराबाईंची मिश्री

डॉक्टरांनी ‘आ’ करा म्हटल्यावर सुंदराबाईंनी तोंड उघडलं, पण तोंडावरचा हात काही काढला नाही. शेवटी सुनेनं, जयानं, तो हळूच बाजूला केला. डॉक्टरांनी वरचे समोरचे दात नुसते धरून पाहिले, तर ते हलले.

सुंदराबाई कडाव गावच्या धवलारीण. लग्नात त्यांनी धवले, म्हणजे विधीची गाणी, गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. भटजी घाई करत यायचे आणि यांचं संपेपर्यंत मुकाट बसून राहायचे. याचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. आता शेजारच्या रियाचं लग्न तोंडावर आलं होतं. धवल्यात दोन्ही घराण्यांतल्या वाडवडिलांची नावं घ्यायची असतात, आणि ती ठसठशीत उमटायला हवीत. समोरचे दातच गेले तर ती नावं घ्यायची कशी, हा एकच घोर त्यांना लागला होता.

डॉक्टर निशिगंधा जवळच्याच कर्जतच्या, वयानं लहान. हिरड्यांतून रक्त येतं का, असं त्यांनी विचारलं.

“आता नाय येत. आदी यायचं. मंग मी मिश्री वाडवली, तवा थांबलं,” सुंदराबाई म्हणाल्या. आपला इलाज लागू पडल्याचं समाधान त्यांच्या बोलण्यात होतं.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. “आजी, मिश्रीनं रक्त थांबलं, रोग नाही थांबला. रक्त येत राहिलं असतं, तर तुम्ही आधीच आला असता.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. मिश्रीतल्या तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून वरून सगळं बरं दिसतं. आत जंतूंचं काम चालूच असतं. त्यांच्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात. त्या तंतूंनी ते हिरडीच्या पेशींना धरतात, आणि एकदा धरलं की चूळ भरून सुटत नाहीत. काही तर पेशीच्या आतच शिरून बसतात. हिरडी त्यांच्याशी झगडत राहते आणि त्या झगड्यात दाताखालचं हाड झिजतं.

“म्हंजे गवतातनं चाललं का लुगड्याला कुसळं लागतात, तसं?”

“तसंच. पण कुसळ दिसतं तरी. हे दिसत नाही.”

सुंदराबाईंनी अगदी अजिजीनं विचारलं, की लग्न होईपर्यंत तेवढे राहू देता येतील का. डॉक्टरांना वाईट वाटलं, पण त्यांनी खोटी आशा लावली नाही. हिरडीत पू झाला होता. बाकीचे दात साफ करून वाचवता आले असते, हे समोरचे मात्र काढायलाच हवे होते. नवे बसवायचे तर आधी जखम भरायला हवी.

दात काढले. घरी आल्यावर सुंदराबाईंनी मिश्रीची डबी स्वतःच्या हातानं चुलीत रिकामी केली. रोज भाकऱ्या थापता थापता त्या नावं घोकू लागल्या. रियाच्या आजोबांचं नाव दत्ताराम. ते काही केल्या धड येईना.

लग्नाच्या दिवशी मांडवात चटईवर त्या नेहमीसारख्या पुढे बसल्या, जया मागे. सुरुवात बरी झाली. दत्ताराम आलं आणि नावाची नुसती हवा झाली. पोरी तोंड फिरवून हसल्या. सुंदराबाईंनी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तसंच झालं. तेव्हा मागून जयानं ते नाव स्वच्छ उचललं आणि न थांबता पुढची ओळ धरली. इतकी वर्षं ती फक्त सासूच्या मागून म्हणत आली होती.

सुंदराबाईंना ते झोंबलं. पण नाव नीट लागलं, रियाच्या आजीनं डोळे पुसले, हेही त्यांनी पाहिलं. त्या चटईवर थोड्या सरकल्या आणि जयाला पुढे जागा करून दिली. मग मागून म्हणायचं काम त्यांनी केलं.

धवले संपल्यावर रियाची आई धवलारणीच्या मानाचा नारळ आणि साडी घेऊन आली, ती सरळ जयाच्या पुढ्यात. जयानं हात मागे घेतले आणि सासूकडे पाहिलं.

“घे गं. पदर पसर,” सुंदराबाई म्हणाल्या, आणि नारळ पडेपर्यंत सुनेच्या पदराचं एक टोक त्यांनी स्वतः धरून ठेवलं.