जळक्या तेलाचा वास

धंतोलीच्या अलीकडच्या सिग्नलला जळका वास आला, आणि बोनेटच्या फटीतून निळसर धूर निघताना दिसला. गाडी यमुताई चालवत होत्या.

शेजारी त्यांचे पती कृष्णकांतराव पट्ट्यात बांधलेले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना स्वतःहून उतरता येत नव्हतं. आठवड्यातून तीनदा धंतोलीच्या दवाखान्यात डायलिसिस, आजही तिकडेच निघालेले, आणि या जुन्या जर्मन गाडीच्या रुंद दारातूनच त्यांना धड आतबाहेर करता येई. यमुताईंनी घरी घड्याळ लावून पाहिलं होतं. कृष्णकांतरावांना बाहेर काढायला चार मिनिटं लागत. गाडी पेटायला किती लागतात, हे विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नव्हतं.

रुपरावांचं गॅरेज दोन गल्ल्या पुढे होतं; त्यांनी गाडी तशीच तिथवर नेली. गांधीबागेतल्या कापडवाल्याकडून कृष्णकांतरावांनी ही गाडी घेतली, तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, तिच्या दुरुस्तीला हात लावला तो रुपरावांनीच. गाडी घरी आणली त्या दिवशी अख्खी गल्ली गाडी पाहायला आली होती आणि यमुताईंनी सगळ्यांना चिवडा वाटला होता.

"पयले सायबाले बाहेर घ्या," धूर पाहून रुपराव म्हणाले. दोघांनी मिळून त्यांना सावलीतल्या खुर्चीत बसवलं. मग रुपराव आत वाकले.

"तेल गरम सायलेंसरच्या पाइपावर पडून राहिलं, ताई."

"पेटलं असतं?"

"पेटू शकते." त्यांनी धीर वगैरे दिला नाही.

इंजिन निवल्यावर त्यांनी ते पुसून कोरडं केलं. तेल खाली दिसतं, पण गळतं वरून, म्हणाले, आणि यमुताईंच्या पिशवीतला कृष्णकांतरावांच्या पाठीला लावायचा पावडरचा डबा मागून घेतला. इंजिनावर पावडर भुरभुरवून गाडी चालू केली. यमुताई खुर्चीमागे नवऱ्याच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं वरच्या झाकणाच्या मागच्या कडेपासून पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरू लागली.

"झाकणाखालचं रबराचं पॅकिंग गेलं. पापडावाणी कडक झालं." रुपरावांनी इंजिन बंद केलं, जरा थांबून तेल मोजायची पट्टी ओढली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. "तेल कोण टाकते?"

"मी. दर शुक्रवारी अर्धा लिटर."

"पट्टी पाहून?"

यमुताईंनी पट्टी कधी ओढलीच नव्हती. समईतलं तेल तळाला जाऊ द्यायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. आणि इंजिन रस्त्यात जाम झालं तर, या भीतीनं त्या ओतत राहिल्या होत्या.

"खुणेच्या दीड बोट वर आहे. जास्त तेल झालं तं इंजिन त्याले फेसते. मंग जिथं कच्चं दिसन तिथून बाहेर फेकते."

म्हणजे धूर यमुताईंनीच ओतला होता.

"पट्टी... पाहायची असते," कृष्णकांतराव झटक्यानं वाकड्या झालेल्या तोंडानं म्हणाले.

"झटका येईपर्यंत मला बोनेट उघडू दिलंत कधी?"

यमुताईंनी फोन केल्यावर दवाखान्यानं दुपारची वेळ दिली. तोवर रुपरावांनी जास्तीचं तेल काढलं, नवं पॅकिंग बसवलं, पाइप पुसला, पुन्हा पावडर मारून पाहिली. पांढरीच राहिली.

"आता जा बिनघोर."

यमुताई किल्ली हातात घेऊन उभ्याच. "तुम्ही मोटारसायकलवर मागून या. धूर दिसला तर हॉर्न वाजवा."

"अन् न दिसला तं?"

"तरी या."

रुपरावांनी हसत शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली. पण त्या रस्त्यावर हॉर्न काही एकट्या रुपरावांकडे नव्हता. धंतोली येईपर्यंत प्रत्येक हॉर्नला यमुताईंचा पाय ब्रेकवर गेला.