डावीकडची खुर्ची

"सर, तुमच्या त्या महागड्या हेडफोनवर फक्त ध्वनीचाच धडा चालते, का आमचा 'राखड' बी वाजते?"

संघप्रियाने विचारलं आणि मागच्या बाकावर रीता नि आचलने तोंडात ओढण्या कोंबल्या. हा प्रश्न फिजिक्सच्या कोवे सरांना विचारून दाखवायचा, ही पैज त्यांचीच. सहा महिन्यांपूर्वी हजेरी देतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, तिने गॅदरिंगला ड्रम काय बडवले, तेव्हापासून ती कोणालाच आवरत नव्हती.

सर चिडले नाहीत, उलट खूश झाले. 'राखड' हा नागपूरचा अल्टरनेटिव्ह रॉक बँड. पोरींकडे त्यांची गाणी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेली, चेपलेली. सरांकडे मात्र तिन्ही अल्बम लॉसलेस, म्हणजे अजिबात न चेपलेले होते.

"तुमची फाइल म्हणजे पिशवीत मावलं नाई म्हणून अर्धं सामान घरीच टाकून आलेला पाव्हणा," सर म्हणाले. "यात स्टुडिओत झालं ते सगळंच्या सगळं आहे. आयका."

दुसऱ्या अल्बममधलं शेवटचं गाणं लागलं. ड्रम सुरू होण्याआधी त्यात आठ सेकंद शांतता होती. संघप्रियाला ती पाठ होती. गॅदरिंगला ती बोटांवर मोजूनच तिने काठी उचलली होती.

आधी रीताने हेडफोन लावला. "अगं माय! खुर्ची करकरली! मंग कोणी तरी श्वास घेतला!"

"हो न," आचलने ऐकून सांगितलं, "डाव्या कानाच्या अगदी जवळ."

मग संघप्रियाची पाळी. शांतता. एक, दोन, तीन... आठ. धाडकन ड्रम.

"आयकली न खुर्ची?" सरांनी विचारलं.

"हो! भारी आहे," ती म्हणाली, आणि केस सारखे करायच्या निमित्ताने हेडफोन काढून उलटा लावला. डावा उजव्याला, उजवा डाव्याला. गाणं पुन्हा लावलं. आता खुर्ची करकरली. इतकी जवळ, की तिने दचकून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

शाळा सुटल्यावर तिघी ऊर्जानगरला, वीज प्लांटच्या क्वार्टर्सकडे निघाल्या. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला कुंपण, मधोमध रस्ता. वाघ-बिबट्याची भीती इथे रोजचीच, म्हणून आईने सातवीतच नियम घालून दिला होता: रस्त्यावर दोन्ही कान बंद करायचे नाहीत. संघप्रियाने तो इमानदारीने पाळला. चार वर्षं इयरफोन फक्त डाव्या कानात. उजवा वाघासाठी मोकळा. आणि प्लांटची घरघर दिवसभर चालूच, म्हणून आवाज फुल.

तोच काही तरी खसपसलं. ती झटकन उजवीकडे, कुंपणाकडे वळली.

"तिकडं काऊन पाहून राह्यली? डावीकडं आहे!" रीता किंचाळली.

डावीकडच्या बाभळीतून एक भलंमोठं रानडुक्कर निघालं आणि संघप्रियाच्या गुडघ्याला घासून रस्त्यापार गेलं.

"वाघ असता तर हिनं त्याले पाठ दाखवून टाटा केला असता," आचल म्हणाली आणि दोघी हसून हसून खाली बसल्या. संघप्रिया हसली नाही. तिला तो आवाज उजवीकडूनच आला होता. शपथेवर सांगितलं असतं तिने.

घरी येऊन तिने बाथरूमची कडी लावली आणि उजव्या कानापाशी बोटं चोळली. खस्खस्. डाव्या कानापाशी चोळली. काहीच नाही. नखं वाजवली, जोरात वाजवली. जणू त्या बाजूला जगच नव्हतं. सांगितलं तर पहिले ड्रम बंद होणार, हे नक्की. नाही सांगितलं, आणि उजवाही गेला तर?

बाहेर बाबा ड्युटीवरून येऊन जेवायला बसले होते. वीस वर्षं ते प्लांटमधल्या कोळसा दळणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या मिलवर काम करत होते.

"भाजी देऊ काय?" आईने त्यांच्या डाव्या बाजूने विचारलं. बाबा जेवतच राहिले. आई न चिडता, न थबकता उजवीकडे आली. "भाजी देऊ काय?"

"दे न थोडी."

हजार वेळा पाहिलं असेल हे संघप्रियाने. कधी दिसलं नव्हतं. आज दिसलं. बाबा लपवतात, आई सांभाळून घेते, आणि आता आपणही 'भारी आहे' म्हणून हेडफोन उलटा लावतो.

ती बाबांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. आवाज घशात अडकला नाही.

"आई, बाबा, मले डाव्या कानानं आयकू येत नाई. उद्या मी शाळेत जात नाई, चंद्रपूरले कानाच्या डॉक्टरकडं चालली. ते म्हणतील तर ड्रम बी बंद ठेवतो. आणि बाबा, तुमी बी येऊन राह्यले माह्यासंगं. दोघंही तपासू."