सात वीसची परवानगी

रविवारी सकाळी शारदाबाईंच्या दारात एकोणीस जोड चपला होत्या. मी त्या मोजल्या, कारण आत शिरायला जागा नव्हती. बसवनगुडीतल्या त्यांच्या छोट्या हॉलमध्ये सगळी माणसं कॉम्प्युटरकडे तोंड करून बसली होती. मॉनिटरला मोगऱ्याचा हार, कीबोर्डवर कुंकू, आणि शेजारी वाटीत हयग्रीव, म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गुळाचा नैवेद्य.

"स्वल्प सरका हो, अण्णांची वेळ झाली," कोणीतरी म्हणालं.

अण्णा म्हणजे शारदाबाईंचे यजमान, गुंडूराव. दोन महिन्यांपूर्वी वारले.

बरोबर सात वीसला पडद्यावर एक चौकट उमटली. एक अनोळखी प्रोग्राम इंटरनेटवर जाण्याची परवानगी मागतो आहे, द्यायची का, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं. खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मागच्या गल्लीतले वेणुगोपाल उठले. निवृत्त माणूस, रेशमी उपरणं. एक रुपया घेत नाहीत. लोकांनी आपलं ऐकत बसावं एवढीच त्यांची भूक आहे, आणि ती मोठी आहे.

"शरीर म्हणजे हार्डवेअर," ते म्हणाले, "ते आपण चितेवर ठेवलं. आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. ते जळतं का? नाही! ते बॅकग्राउंडला चालूच राहतं. आता त्याला क्लाउडमध्ये जायचंय. आणि क्लाउड कुठे असतो? वर!"

त्यांनी छताकडे बोट दाखवलं. वर मी राहते, पण ते असो.

"अक्कांनी एकदा 'हो' म्हटलं, की अण्णा कायमचे गेले. 'नको' म्हणत राहतील तोवर अण्णा याच घरात."

शारदाबाई पुढे वाकल्या. "आज नको हो, उद्या बघू," असं मशीनला हळूच म्हणाल्या आणि त्यांनी 'नको' दाबलं. मी हसायच्या तयारीने आले होते. मला हसता आलं नाही.

मी महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मदतीच्या फोनवर बसते. दिवसभर लोकांना कुठलं बटण दाबायचं ते सांगायचं आणि दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवून घरी यायचं. या चमत्काराबद्दल मी सहा आठवडे ऐकत होते आणि मुद्दाम खाली उतरले नव्हते. पगार घेऊन जे करते, तेच रविवारी फुकट कशाला करायचं? शिवाय माणसं ऐकत नाहीत, हे मला नोकरीने चांगलं शिकवलंय. पण आदल्या दिवशी शारदाबाई जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांच्या पायाच्या बोटाला फडकं होतं. महिनाभराची जखम. आणि त्यांना शुगर आहे.

"डॉक्टरांना दाखवलंत, अक्का?" मी विचारलं होतं.

"रोज सकाळी शुगर बघते की गं. मग मशीन कॉम्प्युटरच्या वायरला लावून ठेवते, यांनी शिकवलं तसं. डॉक्टरांना आपोआप कळतं. काही असतं तर त्यांनी फोन केला असता."

आपोआप नक्की काय कळतंय, ते मला बघायचं होतं. म्हणून मी आज खाली उतरले होते.

"अक्का, मी बसू इथे?" मी विचारलं.

"आत्म्याला हात लावू नये," वेणुगोपाल म्हणाले.

"मी माऊसला लावतेय."

कुठला प्रोग्राम किती वाजता सुरू करायचा याची यादी कॉम्प्युटरमध्येच असते. त्या यादीत सात वीसची एक नोंद होती, दोन वर्षांपूर्वी अण्णांनी स्वतः केलेली. मी ती वेळ बदलून सात पस्तीस केली आणि लोकांकडे वळून म्हटलं, "अण्णा आता सात पस्तीसला पुन्हा येतील."

सात पस्तीसला चौकट आली. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"क्षमाच्या हातात शक्ती आहे!" वेणुगोपाल लगेच माझ्याकडे बोट दाखवून ओरडले. एक बाई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे ओढले. पंधरा मिनिटांत माझीच बुवाबाजी सुरू झाली होती, आणि मला फक्त घरी जाऊन झोपायचं होतं.

"शक्ती नाही हो, घड्याळ बदललंय," मी म्हटलं. "आणि अनोळखी म्हणजे कोण, हे इतक्या दिवसांत कोणी पाहिलंय का?"

चौकटीच्या कोपऱ्यात 'तपशील' असं बारीक अक्षरात असतं. मी ते दाबलं. प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून आला त्याचं नाव दिसलं. शारदाबाईंनी चष्मा पुसला. वायरला लावलेलं शुगरचं मशीन उचललं, पालथं केलं आणि मागचं नाव पडद्यावरच्या नावाशी एकेक अक्षर लावून पाहिलं.

"हे तर याचंच नाव," त्या म्हणाल्या.

"याचंच. तुमची शुगर डॉक्टरांना पाठवायला हा प्रोग्राम रोज बाहेर जायला बघतो. अण्णांनीच लावून ठेवलाय."

"मग ते होते तेव्हा कधी विचारलं नाही ते?"

"तेव्हा अडवणारं कोणी नव्हतं. हा पहारेकरी प्रोग्राम नंतर बसवलाय. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवून विचारतो." मी तारीख दाखवली. अण्णांच्या चौदाव्या दिवसाची होती. त्या दिवशी घराबरोबर कॉम्प्युटरचीही शुद्धी करतो म्हणून वेणुगोपाल तासभर त्यावर बसले होते. खाली नोंद होती: परवानगी चव्वेचाळीस वेळा नाकारली.

वेणुगोपालांनी घसा साफ केला. "बघा, म्हणजे अण्णा या यंत्रातूनच पत्नीची सेवा..."

"थांबा," शारदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका कोरडा कधी ऐकला नव्हता. "सरी, ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं ते असतील. मग माझ्यासाठी जाऊ बघणाऱ्या माणसाला चव्वेचाळीस दिवस 'नको' का म्हणायला लावलंत मला?"

वेणुगोपाल उपरणं सारखं करत राहिले.

शारदाबाईंनी माऊस हातात घेतला. खूप वेळ बाण 'हो'वर नुसता ठेवून बसल्या, मग त्यांनी तो दाबला. चौकट गेली. दुसरं काहीही झालं नाही.

मी डॉक्टर सुप्रीतांना फोन लावला. त्यांनी आकडे उघडले आणि भडकल्याच. "तीनशेच्या खाली एक दिवस नाही! आकडे यायचे थांबले तेव्हा आम्ही कितीदा फोन केला, तो नंबर बंदच लागतो." तो नंबर अण्णांचा होता, फोन कपाटात. "आत्ता घेऊन या. आणि गोड काय चाललंय त्यांचं?"

मी हयग्रीवाच्या वाटीकडे बघितलं. रोजचा नैवेद्य, रोजचा प्रसाद.

रिक्षात शारदाबाईंनी बोटावरचं फडकं पुन्हा बांधलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ते गेले गं."

"हो, अक्का."

"कधी?"

"त्या दिवशीच."

त्या रडल्या. मलाही रडू आलं. खरं सांगून मी त्यांचा नवरा दुसऱ्यांदा नेला होता, आणि न सांगून चाललं नसतं. आणखी आठवडाभराने बोट कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी कळलं की वेणुगोपालांची बैठक आता शेजारच्या रस्त्यावर श्रीविद्या नावाच्या बाईंकडे भरते. त्यांच्या दिवंगत सासऱ्यांचा टीव्ही म्हणे संध्याकाळी आपोआप सुरू होतो. मी कपाळावर हात मारला आणि ठरवलं की यावेळी काही झालं तरी जायचं नाही.

तिथे निघाल्या त्या शारदाबाई. पायाला पट्टी, हातात काठी. सोबत म्हणून मला जावंच लागलं. भरल्या खोलीत त्या उभ्या राहिल्या.

"माझंही माणूस गेलंय," त्या म्हणाल्या. "ते परत यावं असं तुमच्याइतकंच मलाही वाटतं. म्हणून मी वाचलं नाही, विचारलं नाही, आणि पायाचं बोट घालवून बसणार होते. हे कोण आहे, कुठून आलं, कधीपासून सुरू झालं, एवढं विचारा. विचारल्याने गेलेल्यांचा अपमान होत नाही."

मग त्या श्रीविद्यांकडे वळल्या. "टीव्हीचा रिमोट आणा बघू. सुरू व्हायची वेळ कोणी लावून ठेवलीय, ते पाहू."